कादंबरीतला व्हिलन खरा माणूस आहे, केस होऊ शकते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गिरणी संपावर कादंबरी लिहितेय, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला तोच, त्या अडीच लाख कामगारांत माझे बाबा होते त्यामुळे सगळं मटेरियल घरातलंच आणि तोच प्रॉब्लेम झालाय. लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर एक गृहस्थ होते, संपात ज्यांची चूल पेटत नव्हती त्यांना उसने पैसे द्यायचे आणि पुढे त्यांच्या खोल्या स्वतःच्या नावावर करून घ्यायचे. माझा व्हिलन तोच. नाव-गाव बदललं, पण सोन्याचा दात आणि पायरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरणं काही सोडवेना. आईने दोन पानं वाचली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला खालचा!" ते वारलेत, पण मुलगा लग्नाकार्यात भेटतो. "सर्व पात्रे काल्पनिक" टाकलं की सुटका होते का?

शिवाय एका प्रकरणात अण्णाभाऊ साठेंच्या छक्कडीच्या पाचसहा ओळी हव्यात, आणि बाबांनी जपलेली पेपरची कात्रणं जशीच्या तशी टाकली तर चालेल?

प्रतिसाद: वकील नाही, पण माझ्या कथासंग्रहाच्या वेळी यातून गेलोय. ती ओळ टाका, पण तिच्या भरवशावर राहू नका. नाव काय दिलंय यापेक्षा वाचणारा ओळखतो का ते बघतात, आणि आईंनी तर दोन पानांत ओळखलं! माणूस वारला म्हणूनही सुटका नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (आधीच्या दंड संहितेचं ४९९) मृताची बदनामीही येते, जिवंत असता तर अब्रू गेली असती आणि हेतू घरच्यांना दुखवायचा असेल तर. "खरंच घडलंय" म्हणालात तर सिद्ध तुम्हीच करायचं, वर लोकहितासाठी लिहिलं हेही दाखवायचं. खोल्यांचे कागद आहेत का? नसतील तर दोनतीन माणसं मिसळून एक करा.

अण्णाभाऊ १९६९ ला गेले, कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं म्हणजे २०२९ संपेपर्यंत. लेखी परवानगी घ्या, नाहीतर पात्र नुसतं गुणगुणतंय एवढंच लिहा. कात्रणांतली माहिती बिनधास्त वापरा, वाक्यं मात्र स्वतःची.

धागाकर्ती: कागद कुठले हो, सगळं तोंडी. दात काढते, चाळ परळला नेते, सुपारी मात्र राहू दे. आईला परत वाचायला देते, बघू आता कोणाला ओळखते ते.