ग्रुप प्रोजेक्ट नीट चालावा म्हणून नेमकं काय करायचं? (अनुभव धागा)

धरमपेठची_मावशी
भाचीच्या कॉलेजात फायनल इयरच्या ग्रुपची यादी लागली. "मावशी, माझ्या ग्रुपात ओळखीचं कोणीच नाही," म्हणाली आणि जुने ग्रुप, जुनी सबमिशनं सगळं आठवलं. शिकणारे, शिकवणारे, लॅब सांभाळणारे इथे बरेच आहेत. लिहा. "सांभाळून घ्या" एवढंच नको. कोणी, कधी, किती, तेही सांगा.

सुरुवात मी करते. पहिल्या बैठकीत विषयाला हात लावू नका. एका पानावर लिहा: कोणत्या दोन दिवशी भेटायचं, जमणार नसेल तर किती तास आधी कळवायचं, कबूल केलेलं काम लागोपाठ दोनदा आलं नाही तर काय, आणि गाइडकडे कधी जायचं. खाली सगळ्यांच्या सह्या, एक प्रत गाइडकडे. भांडणाआधी लिहिलेला नियम सगळ्यांना चालतो. भांडणानंतर तोच नियम कोणा एकावर ठपका ठेवल्यासारखा वाटतो.

लॅब_असिस्टंट
चार जण. पाचवा आला की एक जण हाताची घडी घालून उभा राहतो, कारण किट एक आणि सोल्डरिंग गनही एक.
हार्डवेअरवाल्यांनी एवढं पाळा: ज्याने सर्किट जोडलं त्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने मल्टिमीटर घ्यायचा, पॉवर न देता सप्लाय आणि ग्राउंड यांच्यात कंटिन्युइटी (दोन टोकं एकमेकांना जोडली गेलीत का) पाहायची. बीप आला तर शॉर्ट आहे, थांबा. मग डायग्राम हातात धरून एकेक वायर बोलत जायचं: "पिन ७ कुठे गेली?" जोडणाऱ्याच्या डोक्यात बरोबर सर्किट असतं, म्हणून बोर्डवरची चुकीची वायर त्याला दिसत नाही. निम्मे मायक्रोकंट्रोलर या एका घाईत जळतात.

वर्धा_नागपूर_अपडाऊन
हॉस्टेलवाले संध्याकाळी सातची मीटिंग ठेवून राहिले तर वर्धा, कामठी, भंडाऱ्याच्या पोरांनी काय करायचं भाऊ? गाडी थांबत नाही. प्रॅक्टिकल संपलं की तिथंच ४५ मिनिटं बसा. आणि मे महिन्यात दुपारी कोणाच्या घरी बोलावू नका बाप्पा.

ऑरेंज_लाइन
सीताबर्डी इंटरचेंजला भेटा ना, दोन्ही मेट्रो लाइन तिथंच मिळतात.

वर्धा_नागपूर_अपडाऊन
भेटता येईल, लॅपटॉप उघडून बसायचं कुठं? अभ्यासिकेत बोलू देत नाहीत. कॉलेजची रिकामी क्लासरूमच बरी. शिपाई काकांना आधी सांगून ठेवायचं.

इंजिनिअरिंगला_शिकवते
फुकट नाव लागणाऱ्यांबद्दल कोणी ना कोणी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ साली ते छापलं. आठ जण मिळून ओढत तेव्हा एकेकाचा जोर, एकट्याने ओढताना लागतो त्याच्या निम्म्यावर येई. पुढे १९७९ मध्ये लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तपासलं. ताळमेळ न बसल्यामुळे काही घट होते, पण उरलेली घट माणूस हात आखडता घेतो म्हणून होते. आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की ही ढिलाई जवळपास जाते.
म्हणजे माणूस आळशी आहे की नाही हा वाद बाजूला ठेवा आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसेल अशी सोय करा. मार्कांचा एक हिशोब सांगते. ग्रुपला ५० पैकी ४०. प्रत्येक जण बाकीच्यांना आणि स्वतःला १०० पैकी रेटिंग देतो. ग्रुपची सरासरी ८०, एकाची ६०. ६० भागिले ८० म्हणजे ०.७५, त्याला ३० मार्क. वरच्या बाजूला १.०५ वर थांबायचं, म्हणजे जास्तीत जास्त ४२. नाहीतर एक जण सगळं काम ओढून घेतो आणि बाकीच्यांना शिरू देत नाही. तोही त्रासच आहे.

त्रिमूर्तीनगर
मॅडम, सगळे एकमेकांना १०० देऊन टाकतात त्याचं काय?

इंजिनिअरिंगला_शिकवते
देतातच. म्हणून थेट आकडा मागू नका. "ठरल्या वेळी आला का, कबूल केलेलं आणलं का, दुसऱ्याला समजावलं का" असं विचारा, उत्तर शब्दांत घ्या आणि आकडा आपण लावा. हुशारीवर एकही प्रश्न नको. सेमच्या मध्यावर एकदा मार्क न लावता सराव घ्या. खालचं रेटिंग आलेल्याला सुधारायला सहा-सात आठवडे मिळतात. शेवटी एकदाच घेतलं तर तो नुसता निकाल होतो, आणि पोरं मित्राला वाचवतात.

गणिताचा_ट्यूटर
गणितं सोडवायच्या ग्रुपात एक वेगळीच गोची. भेटल्यावर सोडवायला घेतलं की जो सगळ्यात फास्ट तोच प्रत्येक गणिताची सुरुवात करतो. बाकीचे मान डोलावतात, आणि पेपरात पहिली ओळच सुचत नाही. येण्याआधी प्रत्येकाने घरून प्रत्येक गणिताची मांडणी करून आणावी: दिलेलं काय, काढायचं काय, कोणतं सूत्र. उत्तर नसलं तरी चालेल. वह्या आधी टेबलावर, मग चर्चा. 🙏

ॲनाटॉमी_हॉल
डिसेक्शन टेबलवरही हेच. एक मॅन्युअल वाचतो, एक कापतो, एक दाखवतो. दर वेळी पाळी बदला. नाहीतर वर्षभर एकाच्याच हातात स्काल्पेल राहतो.

डिप्लोमावाले_सर
जिगसॉ कोणी वापरता का? ॲरन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली पद्धत. गोऱ्या, काळ्या, मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदा एका वर्गात बसवलं होतं, वातावरण तापलेलं होतं. धड्याचे पाच-सहा तुकडे, ग्रुपातल्या प्रत्येकाला एक. एकच तुकडा मिळालेले सगळे आधी एकत्र बसून पक्का करतात, मग आपापल्या ग्रुपात येऊन शिकवतात. आमच्याकडे ६० मिनिटांचा तास असेल तर तुकडे चारच ठेवतो: १० मिनिटं वाचन, १५ तज्ज्ञ गट, प्रत्येकी ५ मिनिटं शिकवणं, शेवटी चारही तुकड्यांवर छोटी चाचणी, प्रत्येकाची वेगळी. चाचणी गाळली तर मुलं फक्त स्वतःचा तुकडा करतात. आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले तुकडे निवडा. तुकडा २ समजायला तुकडा १ लागत असेल तर तज्ज्ञ गट अडकून पडतो.

त्रिमूर्तीनगर
ग्रुप पाडताना आणखी एक. चार जणांत एकच मुलगी टाकू नका, पहिल्या-दुसऱ्या वर्षाला तर नाहीच. तिच्याकडे फाइल लिहिणं आणि पीपीटी सजवणं एवढंच येतं. एक तर दोघी, नाहीतर एकही नाही.

धरमपेठची_मावशी
हे फार बरोबर लिहिलं. भाचीला पाठवते.

झेरॉक्स_सेंटर
रिपोर्टबद्दल कोणीच नाही बोललं! चौघं चार फाइली पेनड्राइव्हवर आणतात आणि दुकानात जोडत बसतात. मराठी रिपोर्टमध्ये एकाचं कृतिदेव, दुसऱ्याचं युनिकोड. फाँट एक केला की कृतिदेववाल्याची पानं निरर्थक अक्षरांनी भरतात. पहिल्याच दिवशी एक कोरी फाइल बनवा: मार्जिन, फाँट, हेडिंगच्या स्टाइल सगळं ठरवून. चौघांनी त्याच फाइलची प्रत भरायची. हेडिंग हाताने बोल्ड केलं तर अनुक्रमणिका आपोआप तयार होत नाही. जोडणारा एकच ठेवा, आणि ते काम सबमिशनच्या तीन दिवस आधी.

लॅब_असिस्टंट
व्हायवाच्या आठवडाभर आधी प्रकरणांची अदलाबदल करा. कोड लिहिणाऱ्याने सर्किट समजवायचं, सर्किटवाल्याने कोड. एक्स्टर्नल बरोब्बर उलट माणसाला विचारतात.

ऑरेंज_लाइन
काका, बाइंडिंगच्या प्रती किती काढायच्या?

झेरॉक्स_सेंटर
आमच्याकडे बहुतेक ग्रुप सहा काढतात. चौघांच्या चार, गाइडची एक, डिपार्टमेंटची एक. तुमच्या कॉलेजात वेगळं असेल, आधी विचारून घ्या. आणि कव्हर छापायच्या आधी चौघांची नावं मार्कशीट समोर ठेवून तपासा.