मदत हवी आहे : हाल्डेनचं पतंगाचं गणित उलटं कसं चालवायचं?

मंडळी, पॉप्युलेशन जेनेटिक्स (समूहात जनुकांचं प्रमाण पिढ्यांगणिक कसं बदलतं त्याचा अभ्यास) शिकतोय, एका जागी गाडी अडलीय. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या परिसरात 1848 मध्ये peppered moth या फिकट पतंगाचं (किड्याचं) काळं रूप दुर्मीळ होतं. मग कारखान्यांच्या धुराने झाडं काळवंडली, त्यांवर काळे पतंग पक्ष्यांना सहज दिसेनात, आणि शतक संपेतो तिथे जवळपास सगळे काळेच. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हाल्डेनने 1924 मध्ये हिशेब मांडला की एवढ्या वेगासाठी काळ्यांची संतती फिकटांच्या साधारण दीडपट हवी. आकडा पाहून मीही दचकलो! इथवर कळलं.

पुढे ब्रिटनमध्ये 1956 च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर घटला आणि फिकटे परतले. आता फिकट रंगाचं जनुक अप्रभावी (recessive, म्हणजे त्याच्या दोन प्रती असल्या तरच रंग दिसतो). त्याचं प्रमाण 0.1 धरलं, तर फिकटे दिसणार 1 टक्का, पण 18 टक्के काळे पतंग ते जनुक पोटात दडवून. म्हणजे त्या जनुकाच्या 90 टक्के प्रती नैसर्गिक निवडीच्या नजरेआड. मग सुरुवातीची वाढ अगदी रडतखडत व्हायला हवी ना?

हाल्डेनच्याच सूत्रात निवडगुणकाचं (selection coefficient, म्हणजे एका रूपाला दुसऱ्यापेक्षा किती फायदा-तोटा) चिन्ह बदललं की भागतं, की बाहेरून येणाऱ्या पतंगांचं स्थलांतरही धरावं लागतं? कुणी दोन-तीन पिढ्या हाताने सोडवून दाखवल्या तर उपकार होतील. एक्सेल शीटही चालेल. ‘गुगल कर’ नको प्लीज, ते झालंय.