झेड-फोर घेऊन कन्याकुमारी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-७०१ : सर्वांना नमस्कार. मकरसंक्रांत आटोपल्यावर, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मी आणि सौ. आमची लाल बीएमडब्ल्यू झेड-फोर (छत उघडणारी स्पोर्ट्स कार) घेऊन नाशिकहून कन्याकुमारीला जाण्याचे ठरवत आहोत. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, बंगळूरु, सेलम, मदुराई असा मार्ग असून एका बाजूचे अंतर सुमारे १७०० किलोमीटर भरते. गाडी २०११ची आहे, तिच्यात दोनच जण बसतात, ती जमिनीला बरीच लागून आहे आणि तिला स्टेपनी नाही, हे सारे लक्षात घेऊनही तीच न्यावी असे मनापासून वाटते. ग्रुपवर गाड्यांची जाण असलेले आणि दक्षिणेकडे नेहमी जाणारे बरेच जण आहेत, म्हणून आपली मते हवी आहेत.

ए-३०४ : काका, विचारते म्हणून राग मानू नका. आपल्याकडे मोठी गाडीही आहे, तिच्यात सामान मावते आणि रस्त्यातले खड्डेही जाणवत नाहीत. झेड-फोर तुम्ही इतकी वर्षे जिवापाड जपली आहे. परराज्यात कुठे तिला धक्का लागला तर सर्वांत जास्त वाईट तुम्हालाच वाटेल.

बी-७०१ : ताई, राग कसला! तुमची काळजी रास्त आहे. पण कापडाखाली झाकून पार्किंगमध्ये ठेवलेली गाडी सुरक्षित राहते, हे मला पटत नाही. उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबतात, बॅटरी उतरते, टाकीतले इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेते, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो आणि छताच्या सांध्यांवरचे रबर कडक होत जाते. म्हणजे जपता जपताच ती हळूहळू बिघडत असते. शिवाय लांबलचक बॉनेट, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि जवळजवळ मागच्या आसावर बसलेला चालक, ही सारी रचना मोकळ्या, लांब रस्त्यासाठी केलेली आहे. गंगापूर रोडच्या सिग्नलवर तिला काय करता येणार? आमचे गुडघे इतक्या खालच्या गाडीतून उठा-बसायला साथ देत आहेत तोवरच हा प्रवास व्हावा, असे आम्हा दोघांना वाटते.

सी-४०२ : काका, माझा व्यवसायच टायरचा असल्यामुळे सविस्तर लिहितो. या प्रवासाचा सगळा प्रश्न टायरचा आहे, बाकी गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत. तुमच्या गाडीला पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ असे वेगवेगळे टायर आहेत, त्यामुळे एक जादा चाक सोबत घेतले तरी ते चारही ठिकाणी चालणार नाही, आणि डिकीत त्याला जागाही नाही. म्हणूनच कंपनीने रन-फ्लॅट टायर दिले आहेत. त्यांच्या बाजूच्या भिंती जाड असतात आणि हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येते. रन-फ्लॅटमुळे गाडी कडक चालते, म्हणून बरेच मालक ते काढून साधे टायर बसवतात. शहरापुरते ते ठीक आहे, पण या प्रवासासाठी ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यामागचे गणित सांगतो. कोल्हापूर ते बेळगाव सुमारे ११० किलोमीटर, बेळगाव ते हुबळी सुमारे १००, हुबळी ते दावणगेरे सुमारे १५०. या तिन्हींतल्या सर्वांत लांब टप्प्याच्या बरोबर मध्यावर हवा गेली, तरी पुढचे किंवा मागचे मोठे शहर ७५ किलोमीटरवर असते आणि मध्ये हावेरी लागतेच. पुढे तमिळनाडूत मदुराई ते तिरुनेलवेली टप्पा मोठा आहे, परंतु वाटेत विरुधुनगर आणि कोविलपट्टी आहेत. म्हणजे या मार्गावर तुम्ही कुठेही असलात तरी ८० किलोमीटरच्या आत मुक्कामाची आणि दुरुस्तीची सोय होते. त्या शहरात तुमच्या मापाचा टायर असेलच असे नाही, पण तो पुण्याहून किंवा बंगळूरुहून ट्रान्सपोर्टने मागवता येईल. त्यासाठी एक दिवस हाताशी राखून ठेवा. साध्या टायरवर मात्र तुम्ही महामार्गाच्या कडेलाच उभे राहाल.

आता सर्वांत महत्त्वाचे. टायरची नक्षी पाहू नका, त्याचे वय पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. कमी फिरलेल्या गाडीची नक्षी नवी दिसते, पण आतले रबर म्हातारे झालेले असते आणि उन्हात, वेगात तेच फुटते.

बी-७०१ : आत्ताच खाली जाऊन पाहिले. पुढच्या दोन्हींवर ४०२२ आहे, मागच्या दोन्हींवर १११८.

सी-४०२ : मागचे दोन्ही बदलावेच लागतील. नक्षी कितीही चांगली असली तरी यात सूट देता येणार नाही.

डी-२०१ : टायरबद्दल पूर्ण सहमत. एक भर घालतो. आपल्या गाडीत सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे आणि त्याला थंड ठेवणारा पाण्याचा पंप पट्ट्यावर फिरत नाही, तो विजेवर चालतो. पट्ट्याच्या पंपासारखी गळती किंवा कुरकुर यात बहुधा होत नाही. वय झाले की तो एकाएकी थांबतो, इंजिन तापते आणि मग गाडी पुढे नेताच येत नाही. पंप मूळचाच असेल तर तो आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) निघण्यापूर्वीच बदलून घ्यावेत. सोबतच ब्रेकचे तेल आणि कूलंटही नवे भरावे. विम्यात रस्त्यावरील मदत समाविष्ट असल्याची खात्री करताना गाडी सपाट ट्रकवरच चढवली जाईल, हेही लिहून घ्यावे. मागच्या चाकांवर चालणारी गाडी मागची चाके जमिनीवर ठेवून ओढत नेणे योग्य नाही. ओढण्याची कडी हत्यारांच्या संचात असते आणि ती बंपरमध्ये फिरवून बसवावी लागते. ती जागेवर आहे का, तेही पाहा.

ए-५०३ : माझी मुलगी बंगळूरुला असल्यामुळे हा रस्ता मला चांगला परिचयाचा आहे. भाऊ, तुम्हाला त्रास होईल तो आपल्याच राज्यात. चंदनापुरी घाटापर्यंत अडचण नाही, पण चाकणची कोंडी टाळायची असेल तर नाशिकहून पहाटे चारलाच निघा. खंबाटकीनंतर साताऱ्यापासून कागलपर्यंत रुंदीकरणाच्या कामांमुळे रस्ता जागोजागी वळवलेला असतो आणि त्या वळणांच्या तोंडाशी डांबराचे उंचवटे असतात, तिथे घाई करू नका. कर्नाटकात शिरल्यावर मात्र गाडीला तिचा रस्ता मिळेल. हॉटेल नोंदवताना गाडी जमिनीच्या पातळीवर उभी राहील का, हे फोन करून विचारा, कारण तळघराच्या उतारावर तुमचा पुढचा बंपर घासेल. तारीख उत्तम निवडली आहे; तिकडचा ईशान्य मोसमी पाऊस तोवर ओसरलेला असतो. फक्त पोंगलची परतीची गर्दी संपल्यावरच तमिळनाडूत जा.

ए-३०४ : काका, गतिरोधकांचे काय? आणि सामान?

बी-७०१ : ताई, उंच गतिरोधक तिरपा घेतला, एका वेळी एकच चाक चढवले, तर पोट घासत नाही, मागे वाहने असली तरी तेवढा वेळ घेणारच. छत बंद असताना डिकी ३१० लिटरची असते आणि छत उघडून आत घेतले की १८० लिटरच उरतात, म्हणून दोन मऊ पिशव्यांपुरतेच सामान नेऊ आणि दुपारभर छत बंद ठेवू. पहाटे कोविलपट्टीच्या पुढे ते उघडायचे, हे सौ.ने आधीच सांगून ठेवले आहे.

आपणा सर्वांचे म्हणणे मान्य करून असे ठरवले आहे की मागचे टायर रन-फ्लॅटच बसवायचे, पंप आणि थर्मोस्टॅट बदलायचे, आणि ही कामे झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी गोंदे इंटरचेंजवरून समृद्धीने शिर्डीपर्यंत जाऊन यायचे. तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे, मी १०० वरच स्थिर ठेवीन. सी-४०२, आपण सोबत याल का?

सी-४०२ : नक्की येतो. हवेचा मीटर माझ्याकडे आहे. निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये थंड टायरची नोंद घेऊ आणि शिर्डीला पोहोचताच गरम टायरची घेऊ. गरम झाल्यावर दाब वाढलेला दिसेल, पण तिथे हवा कमी करायची नाही. चारही चाकांत दाब सारखाच वाढला तर चिंता नाही. एखाद्यात वेगळा आढळला तर ते चाक उतरवून रिम तपासल्याशिवाय पुण्याच्या दिशेने निघू नका.