मदत हवी आहे: डार्क सायफाय अ‍ॅनिमे मालिकेचं परीक्षण लिहायचंय, कथाच सांगता येत नाहीये

निळीखिडकी | गुरुवार, रात्री ११:४०
कोणीतरी लवकर सांगा प्लीज, शनिवारी दुपारी परीक्षण द्यायचंय आणि मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलंय. मालिका १३ भागांची आहे, पूर्ण बघून झालीये, आवडली म्हणण्यापेक्षा डोक्यातून जात नाहीये असं म्हणा, पण कथा सांगायला बसलं की दुसऱ्या परिच्छेदात गाडी अडते, कारण आधी जे घडलं असं मी लिहिते ते पुढे घडलेलंच नसतं, किंवा घडलेलं असतं पण तिच्याकडून नाही, दुसऱ्याच तिच्याकडून. पहिला ड्राफ्ट सरांनी परत पाठवला, खाली शेरा एकच, "नेमकं घडतं काय?" आता काय सांगू त्यांना? अशा मालिकांचं परीक्षण लिहितात तरी कसं? स्पॉयलर किती चालतात? शेवटी मार्क द्यायचे का? ज्यांनी स्वतः लिहिलंय त्यांनीच सांगा, यूट्यूबवर बघ असं नको, ते सगळं बघून झालंय.

सोनेरीबॅट | गुरुवार, रात्री ११:५२
१३ भाग आणि काय खरं काय खोटं कळत नाही म्हणजे पॅरानॉइया एजंटच. सातोशी कोन, २००४. हिच्यावर लिहिताना मुख्य पात्र कोण हे शोधत बसू नकोस, मी तीच चूक केली होती. सोनेरी बॅट घेऊन स्केट्सवर फिरणारा पोरगा लोकांना मारत सुटतो आणि मार खाणाऱ्या प्रत्येकाला त्या माराची कुठेतरी सुटका वाटते, हा धागा धर आणि एकेका माणसाचं एकेक वाक्य लिही, परीक्षण आपोआप उभं राहतं. पहिल्या भागातली ती गुलाबी कुत्र्याचं कॅरेक्टर बनवणारी बाई आहे ना, तिच्यापासून सुरुवात कर. अजून काही लागलं तर विचार, माझी ती मालिका पाठ आहे.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे १२:१०
आधी मालिकेचं नाव तर सांग. कुठे छापायचंय, किती शब्द, वाचणार कोण? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

आभाळवेडा | शुक्रवार, पहाटे १२:२६
मालिका कुठलीही असो, इव्हँगेलियन न बघता या प्रकारावर लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर १९९५ ला सुरू झाली, २६ भाग, हिदेआकी आन्नो. पुढची निम्मी डार्क सायफाय तिच्या सावलीत वाढलेली आहे. शेवटच्या दोन भागांत बाहेरची लढाई जवळजवळ सोडूनच दिलीये, सगळं नायक मुलाच्या डोक्यात चालतं, लोक भडकले, मग १९९७ ला सिनेमा काढून बाहेर काय घडलं ते दाखवावं लागलं. "नेमकं घडतं काय" हा तुझ्या सरांचा प्रश्न तेव्हा जपानभर विचारला गेला होता, त्यामुळे संदर्भ म्हणून एक परिच्छेद तरी इव्हाचा हवाच.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे १२:३३
६०० शब्दांचं परीक्षण असेल तर त्यात इव्हाचा परिच्छेद कुठे बसवणार? ज्याने दोन्ही बघितलेल्या नाहीत त्याला एका न कळलेल्या गोष्टीचा दाखला दुसऱ्या न कळलेल्या गोष्टीने दिल्यासारखं होईल. आणि नाव अजून आलेलं नाहीये.

निळीखिडकी | शुक्रवार, सकाळी ७:१५
अहो लेन. सिरीयल एक्सपेरिमेंट्स लेन. मला वाटलं १३ भाग आणि "दुसरी ती" म्हटल्यावर कळेल. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आहे, शब्द ६०० च्या आत. वाचणारे म्हणजे सर, मॅडम, पोरांचे आईवडील, ज्यांना अ‍ॅनिमे म्हणजे लहान मुलांचं कार्टून वाटतं.

डेक्कनचा_मोडेम | शुक्रवार, सकाळी ७:५०
लेन! १९९८ चं साल! पोरी, तू तेव्हा जन्मलेलीसुद्धा नसशील. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार या सरकारी कंपनीने लोकांसाठी इंटरनेट उघडलं, त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आम्ही सायबर कॅफेत नंबर लावून बसायचो, मोडेम आधी डायल करणार, मग किर्रर्र करून दोन-तीन सूर लावणार, मग एकदम शांत, आणि ती शांतता आली की समजायचं आपण आत गेलो. "आत जाणं" असंच म्हणायचो आम्ही. लेन मी पुष्कळ नंतर बघितली, पण ती मुलगी नावीसमोर, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरसमोर, बसून वायर्डमध्ये, म्हणजे तिथल्या इंटरनेटमध्ये, जाते तेव्हा मला आधी तो सूर आठवला. हे तुझ्या परीक्षणात घाल, वाचणारे आईवडील माझ्याच वयाचे असणार, त्यांना लगेच लागेल. आमच्या कॅफेत तर एक जण रोज यायचा फक्त याहूची चॅटरूम उघडायला, त्याची गोष्ट वेगळी सांगतो कधीतरी.

दोनमुलांचीआई | शुक्रवार, सकाळी ९:०५
थोडं विषयाला सोडून विचारते. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, शिनचॅन आणि डोरेमॉन बघून झालेत, आता काहीतरी विज्ञानाचं दाखवा म्हणून मागे लागलाय. ही लेन सायन्सवरची आहे ना? मुख्य पात्र शाळकरी मुलगीच आहे असं दिसतंय. दाखवू का?

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ९:२०
ताई, नाही. अजिबात नको. पहिल्याच भागाच्या सुरुवातीला एक शाळकरी मुलगी रात्री इमारतीच्या गच्चीवरून उडी मारते, आणि नंतर तिच्या वर्गातल्या मुलींना तिच्या नावाने मेल येतात की मी फक्त शरीर सोडलंय, मी इथेच आहे. मोठ्यांनाही जड जाते.
निळीखिडकी, ताईंनी विचारलं ते बरं झालं, कारण हे तुझ्या परीक्षणात पहिल्या चार ओळींत यायलाच हवं. याला स्पॉयलर म्हणत नाहीत, ही दारावरची पाटी आहे. कॉलेजचा अंक आहे, वाचणाऱ्या पोरांत कोण कुठल्या अवस्थेत असेल सांगता येत नाही. तळाला टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबरही टाक, १४४१६, सरकारी आहे आणि मोफत आहे.

निळीखिडकी | शुक्रवार, सकाळी ९:३१
हे मी लिहिलंच नव्हतं. टाकते.

काळवेळ | शुक्रवार, सकाळी १०:१४
ज्यांना अ‍ॅनिमे म्हणजे कार्टून वाटतं त्यांच्यासाठी लेन निवडणं म्हणजे पोहायला शिकवताना थेट विहिरीत ढकलणं. त्यापेक्षा स्टाइन्स गेटवर लिही. २०११, २४ भाग, टोकियोच्या अकिहाबारा भागातली पोरं मायक्रोवेव्हमधून भूतकाळात मेसेज पाठवतात. सुरुवातीचे भाग संथ आहेत पण मायक्रोवेव्हमधल्या केळ्याचा हिरवा लगदा होतो ते दृश्य सांगितलं की कोणीही पुढे वाचेल. आणि कथा सरळ सांगता येते, सरांचा प्रश्नच मिटतो. माझ्या आईने पूर्ण बघितली, मध्यावर आल्यावर रडली.

आभाळवेडा | शुक्रवार, सकाळी १०:२९
कथा सरळ सांगता येते म्हणून मालिका बदलायची? मग डार्क सायफायवर लिहायचंच कशाला?

काळवेळ | शुक्रवार, सकाळी १०:३५
स्टाइन्स गेट डार्क नाही असं तुम्हाला म्हणायचंय का? एका मैत्रिणीला पुन्हा पुन्हा मरताना बघत राहावं लागतं त्या माणसाला, प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने. यापेक्षा काळोख काय हवा? फक्त तिथे पोरं हसतात, चेष्टामस्करी करतात म्हणून तुम्ही तिला हलकी म्हणता.

आभाळवेडा | शुक्रवार, सकाळी १०:४१
हलकी म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडात घालू नका.

दगडीपुतळा | शुक्रवार, दुपारी १२:०२
मी एर्गो प्रॉक्सीवर लिहिलं होतं, २००६ ची, २३ भाग. तिच्यात दगडी पुतळ्यांना देरिदा, लाकाँ, हुसर्ल, बर्कली अशी नावं आहेत. मी प्रत्येकाचं तत्त्वज्ञान समजावत बसलो, अर्धं परीक्षण त्यातच गेलं आणि मालिकेतलं ते धुळकट आभाळ, घुमटाखालचं शहर, देव काय असतं हे कळू लागल्यावर गुडघ्यावर बसून हात जोडणारे यंत्रमानव, हे लिहायला जागाच उरली नाही. तुझ्या लेनमध्ये नववा भाग तसाच सापळा आहे. रॉझवेल, व्हॅनेव्हर बुशचा मेमेक्स, डॉल्फिनवाला जॉन लिली, टेड नेल्सनचा झनाडू, शूमान रेझोनन्स, सगळं धडाधड सांगून टाकतात. ते समजावायला जाऊ नकोस.

डेक्कनचा_मोडेम | शुक्रवार, दुपारी १२:२०
इथे मी असहमत. शिक्षक मंडळींना तोच भाग आवडेल. मेमेक्सची कल्पना १९४५ मध्ये मांडली होती, कागदपत्रं एकमेकांना जोडणारं टेबल, आजच्या लिंकचं पणजोबाच म्हणा. हे सांगितलं की कार्टून म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही.

दगडीपुतळा | शुक्रवार, दुपारी १२:२८
काका, मग ते मेमेक्सवरचं टिपण होईल, मालिकेचं परीक्षण नाही. फार तर एक वाक्य.

साइतामाकर | शुक्रवार, दुपारी १:१०
उशिरा आलो, इथे जपानमध्ये साडेचार वाजलेत, आत्ता चहा घेतला. दोन गोष्टी. एक, लेनमध्ये भागांना एपिसोड म्हणत नाहीत, लेयर म्हणतात, म्हणजे थर. त्यामुळे "आधी काय, मग काय" असं लिहायला गेलीस की अडणारच, थर एकाखाली एक असतात, एकापुढे एक नसतात. तू आधीच बरोबर अडलीयेस, चूक समजू नकोस. दुसरं, ही मालिका चार लोकांची म्हणून ओळखतात, दिग्दर्शक र्‍यूतारो नाकामुरा, लेखक चिआकी कोनाका, पात्रांची चित्रं योशितोशी आबे, निर्माता यासुयुकी उएदा, ही नावं दे. यातले कोनाका, आबे आणि उएदा पुढे टेक्नोलाइझमध्ये परत एकत्र आले, २००३ ची, २२ भाग, ती लेनपेक्षा काळी.
आणि तारांचं लिही. इथे साध्या वस्तीतही विजेच्या तारा अजून डोक्यावरूनच जातात, खांबाखांबावर गुंडाळ्या. मी इथे राहायला आलो तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात रात्री गल्लीतून चालताना वर बघितलं आणि एकदम लेन आठवली. मालिकाभर त्या तारांची घरघर आहे, बोलणं थांबलं की तीच ऐकू येते.

निळीखिडकी | शुक्रवार, दुपारी १:२५
कुठली घरघर? मला नाही ऐकू आली.

साइतामाकर | शुक्रवार, दुपारी १:३१
पहिल्या भागापासून आहे. हेडफोन नव्हते का? कशावर बघितलीस?

निळीखिडकी | शुक्रवार, दुपारी १:३८
फोनवरच, रूममध्ये मैत्रीण झोपलेली म्हणून आवाज अगदी कमी. आणि दीडपटीवर लावलेली, नाहीतर दोन रात्रींत १३ भाग झाले नसते. सबटायटल्स वाचत होते की, काही सुटलेलं नाही.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १:४४
दीडपटीवर! अगं, मग तू कथा तेवढी वाचलीस, मालिका बघितलीच नाहीस. लेनमध्ये कथा निम्मीच आहे, उरलेली वाट बघणं आहे. ती अस्वलाच्या पायजम्यात पलंगावर बसलेली असते आणि काही होत नाही, तो वेळ मोजून ठेवलेला आहे. खोलीत हळूहळू यंत्रं वाढत जातात, पंखे, नळ्या, थंड करायचं पाणी, आणि एका भागात लक्षात येतं की पोरीची खोली उरलेलीच नाही. हे दीडपटीवर दिसतं, पण अंगावर येत नाही. आजच्या आज पहिला भाग हेडफोन लावून साध्या वेगाने बघ. एकच बघ.

काळवेळ | शुक्रवार, दुपारी १:५२
सगळेच आता दीडपटीवर बघतात, तिला एवढं रागावण्यासारखं काय आहे त्यात? परीक्षा, सबमिशन, त्यातून वेळ काढून बघतेय ती.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १:५७
रागावलो नाही. गाण्याचं परीक्षण लिहिणारा गाणं दीडपटीवर ऐकून लिहील का, एवढंच विचारतोय.

निळीखिडकी | शुक्रवार, दुपारी २:०५
मला उद्या द्यायचंय आणि तुम्ही परत बघायला सांगताय. बघते रात्री, दुसरा इलाजच नाही.

सोनेरीबॅट | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०
लेन होती होय, माझा अंदाज चुकला. पण झालं की पॅरानॉइया एजंटही बघ, तीसुद्धा १३ चीच आहे. साध्या वेगाने.

निळीखिडकी | शनिवार, पहाटे १:१२
बघितला. हेडफोन लावून, दिवा बंद करून. ऐकू आली घरघर. सुरुवातीचा तो माणूस "प्रेझेंट डे, प्रेझेंट टाइम" म्हणून हसतो ते मी आधी इंट्रो समजून पुढे ढकललं होतं, आज अंगावर काटा आला. आधीचं सगळं फाडलं आणि नवीन सुरुवात केली, हा पहिला परिच्छेद, बघा:

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची डीपी आहे. रात्री क्लासवरून येताना बाकी सगळं गप्प असतं तेव्हा तिचा घूंऽऽ असा आवाज ऐकू येतो आणि पाच पावलं पुढे गेलं की आपण तो विसरतो. ही मालिका तो आवाज विसरू देत नाही. लेन नावाची मुलगी सकाळी शाळेला निघते. रस्ता ऊन लागून पांढराफटक पडलाय, पण सावल्या काळ्या नाहीत, त्यांच्यात लालजांभळे डाग आहेत, कागदाखाली शाई सांडून वर झिरपावी तसे. डोक्यावर तारा. कोणी बोलत नाही. तारा बोलतात."

त्याच्यानंतर लगेच गच्चीवरून उडी मारणाऱ्या मुलीचं सांगितलंय, मग सूचना, मग मेल. सर विचारतात "घडतं काय" तर मी लिहिलंय की एका मुलीला मेलेल्या मैत्रिणीची मेल येते आणि ती उत्तर द्यायला बसते. इतकंच, शेवट नाही सांगितला. मार्क देत नाहीये.

रात्रपाळी | शनिवार, पहाटे १:३०
डागांचं फार नेमकं पकडलंयस. मेलेल्या मुलीची मेल आणि ही उत्तर द्यायला बसते, हेच सरांचं उत्तर. फक्त "तारा बोलतात" काढ. आधीच्या वाक्यावर थांब, ते जास्त ऐकू येतं.

दगडीपुतळा | शनिवार, सकाळी ७:४०
काढा नका सांगू, मला आवडलं ते वाक्य. ओघात आलंय.

डेक्कनचा_मोडेम | शनिवार, सकाळी ८:०२
डीपी वाचून मी उठून खिडकीत गेलो बघ. मोडेमचं नाही घातलंस, पण हरकत नाही, डीपी सगळ्यांच्या गल्लीत आहे.

दोनमुलांचीआई | शनिवार, सकाळी ८:३०
छान लिहिलंय गं. मुलाला नाही दाखवणार, पण मी बघेन म्हणते. माझ्या मुलाचं मात्र राहिलंच, ९ वर्षांच्या मुलाला विज्ञानाचं काय दाखवू?

निळीखिडकी | शनिवार, सकाळी ९:१०
काढलं ते वाक्य. ५८० शब्द झालेत, साडेअकराला प्रिंट काढायचीये. शेवटचं विचारते, लेन लिहू की लेइन? मैत्रीण म्हणतेय लेइन.

साइतामाकर | शनिवार, सकाळी ९:१८
जपानीत रेइनच्या जवळ जातं, त्यांच्याकडे आपला ल नाहीच. मराठीत लेन चालेल, फक्त पहिल्यांदा येईल तिथे इवाकुरा लेन असं पूर्ण नाव घाल, नाहीतर तुझे सर रस्त्यावरची लेन समजतील. आणि ताई, तुमच्या मुलासाठी वेगळा धागा काढा, सांगतो तिथे.