थायरॉईडची गोळी चालू आहे तरी कामावर टिकत नाहीये, मदत हवी आहे

तिसरी_पाळी
नमस्कार मंडळी, सेकंड शिफ्टला निघायचंय म्हणून थोडक्यात लिहितो. मला थायरॉईड आहे, गोळी चालू आहे, तरी काडीचा फरक नाही. चाकणला फायनल इन्स्पेक्शनला आहे. आधी जेवढे पीस एका शिफ्टला चेक व्हायचे त्याच्या अर्ध्यावर आलोय. गेजवर रीडिंग बघतो आणि शीटवर लिहीपर्यंत विसरतो, परत बघावं लागतं. हातांना मुंग्या येतात. थर्डला, म्हणजे रात्रपाळीला, तर तीन वाजल्यानंतर उभ्या उभ्या डोळे मिटतात. आता मेमो आलाय, "कामात संथपणा व निष्काळजीपणा", लेखी उत्तर मागितलंय. दोनच प्रश्न आहेत, गोळीची कंपनी बदलू का आणि मेमोला काय लिहू? कृपया "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहून जाऊ नका, ते मलाही कळतं.

मोगरा७
ताई काळजी घ्या, आपल्या बायकांचं असंच असतं, घर पण बघायचं आणि नोकरी पण. मला बाळंतपणानंतर झाला होता. रोज सकाळी धण्याचं पाणी प्या, रात्री भिजवून ठेवायचे आणि उकळून गाळून घ्यायचं. आणि कोबी फ्लॉवर एकदम बंद.

तिसरी_पाळी
मी पुरुष आहे.

मोगरा७
अगं बाई. सॉरी दादा. पण धण्याचं पाणी पुरुषांनाही चालतं.

अर्धवेळ_डॉक्टर
धागाकर्त्याने काहीच माहिती दिलेली नाही. टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडला की हा वाढतो) किती? कधी केला होता? डोस किती? वजन किती? गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता? दुसरी औषधं कुठली चालू आहेत? "थायरॉईड आहे" म्हणजे वाढलेला की कमी झालेला हेसुद्धा लिहिलेलं नाही, लक्षणांवरून कमीचा वाटतोय एवढंच.

तिसरी_पाळी
कमीचा. टीएसएच थोडा जास्त आहे. गोळी ५० मायक्रोग्रॅमची, रिकाम्या पोटी घेतो, त्यात काय विचारायचं, सगळे तसंच घेतात ना.

अर्धवेळ_डॉक्टर
थोडा म्हणजे किती? आकडा लिहा हो.

पेन्शनर_काका
आमच्या वेळी हे थायरॉईड वगैरे काही नव्हतं. ज्वारीची भाकरी खायचो आणि सायकलवर भोसरीला कामाला जायचो. हल्ली रिपोर्ट जास्त आणि माणूस कमी.

कोल्हापुरी_ठसका
काका, तुमच्या वेळी पण होता, फक्त त्याला आळशी म्हणायचे. आमच्या आत्याला अख्खं आयुष्य "सुस्त" म्हणून हिणवलं, अंगावर सूज, आवाज घोगरा, भर उन्हाळ्यात गोधडी. साठीला आल्यावर कुणीतरी टेस्ट केली. आणि गलगंडावरचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ सालचा आहे, म्हणजे तुम्ही सायकलवर होता तेव्हाच सरकारला माहीत होतं.

सैंधवप्रेमी
मूळ कारण आयोडीनवालं मीठ आहे. मी ते बंद करून सैंधव सुरू केलं आणि उज्जायी प्राणायाम, आता माझी गोळी बंद झाली.

कोल्हापुरी_ठसका
तुमचा टीएसएच किती होता सुरुवातीला?

सैंधवप्रेमी
५.१

कोल्हापुरी_ठसका
५.१ बरेचदा आपोआपसुद्धा खाली येतो. त्याचं श्रेय मिठाला देऊन दुसऱ्याला गोळी सोडायला सांगू नका, उगाच कुणी ऐकेल. आयोडीन नसलेलं मीठ खाऊन गलगंड परत आणायचाय का?

सैंधवप्रेमी
मी कुणाला गोळी सोडायला सांगितलेलं नाही. वरती कुठे लिहिलंय दाखवा.

तिसरी_पाळी
रिपोर्ट सापडला. १८.४ आहे. दिवाळीच्या सुमाराचा. त्यानंतर केला नाही कारण गोळी चालूच आहे, गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला देतो. वजन ७४.

अर्धवेळ_डॉक्टर
१८.४ ला थोडा जास्त म्हणत नाहीत. बहुतेक लॅबची वरची मर्यादा ४ ते ४.५ च्या आसपास असते. तो रिपोर्ट ५० चालू असतानाचा आहे की गोळी सुरू करण्याआधीचा?

तिसरी_पाळी
५० चालू असतानाचाच.

अर्धवेळ_डॉक्टर
मग गोळी चालू आहे पण उपचार पुरा होत नाहीये. कंपनी बदलून काही होणार नाही. ग्रंथीचं काम जवळजवळ बंदच पडलं असेल तर मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ७४ किलोला ११५-१२०. तुम्हाला तेवढं लागेलच असं नाही, ग्रंथी थोडीफार काम करत असेल तर कमीत भागतं, आणि एकदम वाढवायचंही नसतं, हृदयाचं काही असेल तर फारच जपून. स्वतःच्या मनाने दोन-दोन गोळ्या खाऊ नका. पण ५० वर टीएसएच १८ आणि त्यानंतर ना टेस्ट ना बदल, यात काय चुकतंय ते दिसतंय ना? एकतर डोस कमी आहे, नाहीतर गोळी पोटात जाऊन अंगी लागत नाहीये. म्हणून परत विचारतो, थर्ड शिफ्ट असते तेव्हा गोळी नेमकी कधी घेता आणि सोबत काय काय असतं?

मेडिकलवाला_नाही
हातांच्या मुंग्या थायरॉईडमुळे नाहीत, बी१२ असणार. शाकाहारी आहात का? इंजेक्शनं घ्या, पाचव्या दिवशी फरक पडतो. स्वानुभव.

निगडीची_नमू
मुंग्या थायरॉईड कमी असला तरी येतात, मनगटात नस दाबली जाते. मला टायपिंग करताना व्हायचं. पण बी१२ चेक करायला हरकत नाही, हिमोग्लोबिन पण करून घ्या. आणि घोरता का ते घरी विचारा, थायरॉईडमध्ये झोपेत श्वास अडकायचा प्रकार पण वाढतो, मग आठ तास झोपूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही. माझ्या टीम लीडने माझ्यासमोर विचारलं होतं, "लग्नानंतर फोकस गेलाय का?" मी रडले होते बाथरूममध्ये. डोस नीट बसल्यावर तोच म्हणाला की आता जमतंय तुला. जमत आधीही होतंच, फक्त मेंदूपर्यंत काही पोचायलाच वेळ लागायचा.

तिसरी_पाळी
थर्डवरून सव्वासातला सुटतो, रूमवर येतो, चहा टाकतो, गोळी घेतो, चहा-बिस्किट खातो, झोपतो. फर्स्ट असली की पहाटे पाचला गोळी आणि लगेच चहा कारण बस पकडायची असते. सेकंडला उठल्यावर. बाकी औषधं काही नाहीत. ॲसिडिटीची गोळी घेतो, ती काय औषध नाही, लाईनवर सगळेच घेतात. आणि केस गळतात म्हणून जिमवाल्याने बायोटिन आणि मल्टिव्हिटॅमिन दिलंय. त्याचा काय संबंध?

अर्धवेळ_डॉक्टर
सगळा संबंध तिथेच आहे. दुधाचा चहा लगेच घेतला की गोळी कमी शोषली जाते, निदान अर्धा तास, जमलं तर तासभर मध्ये हवा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह-कॅल्शियम असतं, त्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. ॲसिडिटीची कुठली? पॅन्टोप्राझोल रोज घेत असाल तर पोटातलं आम्ल कमी होऊन गोळी नीट विरघळत नाही, आणि ते पातळ गुलाबी औषध असेल तर त्यालाही चार तासांचं अंतर. बायोटिनची गंमत वेगळीच आहे, ते रक्ताच्या टेस्टमध्येच घोळ घालतं, बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटा कमी दाखवतं. पुढच्या टेस्टआधी निदान दोन दिवस बंद ठेवा.

तिसरी_पाळी
हे मला आजवर एकानेही सांगितलं नाही. गावच्या डॉक्टरांनी "सकाळी उपाशीपोटी" एवढंच सांगितलं होतं. माझी सकाळ दर आठवड्याला बदलते, मी काय करू?

लीड्सवासी
इथे इंग्लंडमध्ये थायरॉईड कमी असून गोळी लागत असेल तर सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर सगळीच औषधं फुकट, म्हणजे खोकल्याचंसुद्धा, प्रिस्क्रिप्शन असेल तर. भारतात असं काही आहे का? आम्ही पुण्यात होतो तेव्हा बाबांची गोळी बाटलीत यायची, ती बाटली फ्रिजवर ठेवायचे, तिथे गरम लागतं म्हणून आई ओरडायची.

पेन्शनर_काका
इंग्लंडचं इथे काय काम.

निगडीची_नमू
@तिसरी_पाळी, सकाळच पाहिजे असं नाही. झोपायच्या वेळी घेतली तरी चालते, फक्त शेवटचं खाणं होऊन तीन तास झालेले हवेत. माझी नाईट होती तेव्हा मी कॅन्टीनचं खाणं दोनला उरकायचे, पाचनंतर फक्त पाणी, सुटताना गोळी आणि घरी पोचून तासाभराने नाश्ता. घड्याळ इकडेतिकडे झालं तरी फार बिघडत नाही, हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. पोट रिकामं हवं हे मात्र सांभाळायचं.

अर्धवेळ_डॉक्टर
+१. आणि त्याच कारणाने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टेस्ट करायची, आठवडाभरात करून "फरक नाही" म्हणू नका. सगळं पाळूनही टीएसएच हटेनाच तर सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, तपासायला सांगतील.

फिटरभाऊ
सगळे गोळीवरच बसलेत, पोराने दुसरा प्रश्न पण विचारलाय. मेमो कुणी दिला, कंपनीने का ठेकेदाराने? परमनंट आहेस का? स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कटतंय का? उत्तराची तारीख काय?

तिसरी_पाळी
ठेकेदाराचा आहे मेमो. हातात सतरा-साडेसतरा येतात, ईएसआय कटतंय, पण दवाखान्यात कधी गेलो नाही, तिथे रांग असते म्हणतात. सोमवारपर्यंत द्यायचंय.

फिटरभाऊ
अरे मग पैसे कुणासाठी कापून देतोयस? २१,००० च्या आत पगारवाल्यांसाठीच आहे ते. दवाखान्यात जा, तपासणी, गोळ्या सगळं तिथे होतं. आणि एकदा त्यांचा केसपेपर झाला की तुझ्याकडे कागद आला. आत्ता तुझ्या आजाराचा कंपनीत एकही कागद नाही, म्हणून तू त्यांच्या लेखी कामचोर.

मेडिकलवाला_नाही
सरळ सिकनेसची रजा टाका की मग, ईएसआयमध्ये वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो. त्या काळात काढूनही टाकता येत नाही.

फिटरभाऊ
नियम बरोबर आहे पण चालत्या-बोलत्या माणसाला टीएसएचवर तीन महिने कोण लिहून देईल? ते तिथला डॉक्टर ठरवणार. आणि ठेकेदाराचा माणूस तीन महिने गेला की परत येतो तेव्हा लाईनवर दुसरा उभा असतो. कागदावर काढत नाहीत, गेटपास रिन्यू करत नाहीत बस. मी बघितलंय. याला रजा नको, पुढचे दोन-तीन महिने फर्स्ट किंवा सेकंडच मिळायला पाहिजे.

तिसरी_पाळी
बरोबर. रजा नकोच. ओव्हरटाईम गेला तर हप्ता भरता येणार नाही.

निगडीची_नमू
आणि थर्डवरून सुटल्यावर बाईक चालवत येत असाल तर सध्या बसने या.

गोडबोल्या
माझ्या मावशीचा टीएसएच ५.२ आहे, वय ७१, तिला गोळी सुरू करावी का? आणि लग्नाच्या मुलीला थायरॉईड असेल तर स्थळ नाकारावं का?

कोल्हापुरी_ठसका
दुसऱ्या प्रश्नाबद्दल तुम्हालाच नाकारावं.

अर्धवेळ_डॉक्टर
गोडबोल्या, मावशींसाठी वेगळा धागा काढा. त्या वयात घाईने सुरू केली आणि जास्त झाली तर धडधड आणि हाडं ठिसूळ, त्यामुळे वेगळाच विचार असतो.

तिसरी_पाळी
दवाखान्यात गेलो होतो. अर्धा दिवस गेला, रांग खरंच असते. रक्त घेतलं, टीएसएच २२.६ आला, बायोटिन आधी बंद केलेलं. डोस ७५ केला, सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. पॅन्टोप्राझोल रोज कशाला म्हणाले, जळजळ झाली तरच घ्या. बी१२ पण कमीच निघालं. चिठ्ठीवर "उपचार चालू, दोन महिने रात्रपाळी टाळावी" असं लिहून दिलंय. मेमोचं उत्तर असं लिहिलंय: "मी आजारी असल्यामुळे माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, पुन्हा होणार नाही, माफी असावी." बरोबर आहे का?

फिटरभाऊ
अजिबात नाही. निष्काळजीपणा झाला असं स्वतःच्या सहीने लिहून देऊ नकोस, पुढच्या वेळी तोच कागद काढतील. असं लिही: "आरोप मान्य नाही. मला हायपोथायरॉईडिझमचा आजार असून ईएसआय दवाखान्यात उपचार चालू आहेत, चिठ्ठीची प्रत जोडली आहे. या आजारात थकवा व कामाचा वेग कमी होणे ही लक्षणे असून डोस बदलल्यावर सुधारणेस काही आठवडे लागतात. तोपर्यंत वैद्यकीय सल्ल्यानुसार रात्रपाळी देऊ नये ही विनंती." तारीख टाक, दोन प्रती कर, एकीवर पोच घे. एक प्रत कंपनीच्या एचआरला पण, नुसती ठेकेदाराला नको. प्लँटमध्ये मेडिकल रूम असेल तर तिथल्या डॉक्टरला पण चिठ्ठी दाखवून ठेव.

निगडीची_नमू
"पुन्हा होणार नाही" हे तर मुळीच लिहू नका, ७५ ने लगेच काही होणार नाहीये.

तिसरी_पाळी
दिलं. एचआरवाल्या मॅडमने वाचलं आणि म्हणाल्या, "थायरॉईड तर मलाही आहे, मी येतेच ना रोज." पुढच्या आठवड्याचं शेड्यूल अजून लागलं नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरने पोच द्यायला नकार दिला, मी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, ब्लू टिक आली.

फिटरभाऊ
ईमेल पण टाक. आणि मॅडम बसतात एसीत खुर्चीवर, थर्डला गेज धरून बघा म्हणावं.