कोंबडीच्या पिल्लांचं यकृत पिवळं, पाण्याचं निपलही ओळखत नाहीत. दोष खाद्याचा का?

प्रश्न
गावरान क्रॉस पिल्लं, वय १६ दिवस. खाद्य घरचंच: मका, शेंगदाणा पेंड, थोडी सोयापेंड, तेल, मिनरल मिक्स्चर. मेलेल्या पिल्लांचं यकृत पिवळं, ठिसूळ. काही निपलखाली नुसतीच उभी राहतात, चोच लावत नाहीत. लिव्हर टॉनिक चालू करू का?

उत्तर १
पहिल्या आठवड्यात यकृत पिवळं असतंच, ती बलकाची चरबी. १६व्या दिवशी मात्र लालसर तपकिरी हवं. पहिला संशय शेंगदाणा पेंडीवर, म्हणजे त्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषावर. १९६० साली इंग्लंडात हजारो टर्की मेल्या, त्या अशाच पेंडीने. बुरशी डोळ्यांना दिसली नाही तरी विष असू शकतं, आणि पेंड उन्हात घातल्याने ते जात नाही. पोत्याच्या वरून, मधून, तळातून नमुना घेऊन लॅबला द्या. २० पीपीबीच्या (अब्जात २० भाग) वर असेल तर पेंड बंद. मक्याचा ओलावा १३ टक्क्यांच्या आत ठेवा. बाइंडर (विष धरून ठेवणारी पूड) घालाल तर बेंटोनाइट मातीचा. अफ्लाटॉक्सिन तो धरतो, टी-२ सारखी बुरशीची इतर विषं फारशी नाही.

उत्तर २
तुमच्या खाद्यात कोलीन हे जीवनसत्त्वासारखं पोषक द्रव्य वेगळं घातलेलं दिसत नाही. यकृतातली चरबी बाहेर पडायला ते लागतं, नाहीतर तिथेच साठते. शिवाय शेंगदाणा पेंडीत मेथिओनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं दोन्ही कमी. निम्मी पेंड सोयावर न्या, मेथिओनिन वेगळं घाला. ६० टक्क्यांचं कोलीन क्लोराइड टनभर खाद्याला साधारण १ किलो. ते व्हिटॅमिन प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणात) मिसळून ठेवू नका. ओल धरतं आणि जीवनसत्त्वं नासतात. सांधा सुजून पाय बाजूला वळत असेल तर कोलीन किंवा मँगनीज कमी पडतंय.

उत्तर ३
निपल ओळखत नाहीत म्हणजे पिल्लं शिकत नाहीत, हे मला पटत नाही. एका दिवसाचं पिल्लू कडू द्रव लावलेला मणी एकदाच टोचतं, पुन्हा टाळतं; ब्रिटिश मेंदूशास्त्रज्ञ स्टीव्हन रोझ यांनी स्मृतीचा अभ्यास याच चाचणीवर केला. तेव्हा आधी निपलची उंची आणि पाण्याचा दाब बघा. मग पिल्लू: तोल जातो, पडून पाय मारतं? मग ई-जीवनसत्त्वाची कमतरता, लहान मेंदूची इजा. मान मागे वळून आकाशाकडे? बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता. अफ्लाटॉक्सिनने पित्त कमी होतं, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत, म्हणून यकृत आणि मेंदू एकदम बिघडलेले दिसतात. तेल ताजं आहे का?

प्रश्नकर्ता
तेलाला खवट वास आहे. पिल्लं तोलही सांभाळत नाहीत.

उत्तर ३
मग तेल आजच बंद, खवट तेलाने ई-जीवनसत्त्व नासतं. ई-जीवनसत्त्व आणि सेलेनियम पाण्यातून द्या, मात्रा पाकिटावरचीच. सेलेनियम जास्त झालं तर विषारी. आडवी पडलेली पिल्लं बहुधा उठत नाहीत, उभी असलेली वाचतात. टॉनिकचे पैसे लॅबला द्या.