तीन इमारतींच्या सोसायटीसाठी नेटवर्क कॅमेरे: दरपत्रकात नेमके काय तपासावे?

कर्वेनगर_सचिव:
नमस्कार. कर्वेनगरमधील आमच्या सोसायटीत तीन इमारती, एक मुख्य फाटक आणि इमारतींखाली पार्किंग आहे. सध्याचे आठ ॲनालॉग कॅमेरे जुने झाले आहेत. अलीकडे पार्किंगमधून एक सायकल चोरीला गेली तेव्हा चित्रीकरण पाहिले. फाटकातून आत येणारा माणूस मागच्या रिक्षाच्या दिव्यापुढे निव्वळ काळी आकृती म्हणून दिसत होता, त्यामुळे पोलिसांना देण्यासारखे काहीच हाती लागले नाही. आता एका ठेकेदाराने ८ मेगापिक्सेलचे, २.८ मिमी लेन्सचे चौदा डोम (घुमटाकार) कॅमेरे, सोळा चॅनेलचा एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा रेकॉर्डर) आणि ४ टीबीची हार्ड डिस्क असे दरपत्रक दिले आहे. सर्व केबल थेट कार्यालयात आणायच्या आहेत. त्यांतील ‘क’ इमारतीची केबल वळणे धरून सुमारे १३० मीटर भरते. सभासदांना किमान तीस दिवसांचे रेकॉर्डिंग हवे आहे. ही निवड योग्य आहे का, आणि ॲनालॉग कॅमेऱ्यांच्या जुन्या कोॲक्सियल केबल वापरता येतील का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दृश्यकोन:
दरपत्रक बाजूला ठेवून आधी प्रत्येक कॅमेऱ्यापुढे त्याचे काम लिहून काढा. पार्किंगमध्ये कोणी वावरत आहे एवढे कळणे पुरेसे असते. फाटकावर मात्र अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्याइतका स्पष्ट मिळायला हवा. अशा ओळखीसाठी चित्रात दर मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल असावेत असा प्रचलित मापदंड आहे, तर केवळ माणसाची चाहूल लागण्यासाठी २५ पिक्सेलही चालतात. ८ मेगापिक्सेलचे चित्र ३८४० पिक्सेल रुंद असते, म्हणजे ओळख पटेल असा पट्टा जेमतेम १५ मीटर रुंदीचा, आणि २.८ मिमी लेन्सचा कोन सुमारे १०० अंशांचा असल्यामुळे ही रुंदी कॅमेऱ्यापासून सहा-साडेसहा मीटरवरच भरते. त्याउलट ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ मिमी लेन्ससह लावला, तर चेहरा सुमारे दहा मीटरपर्यंत ओळखता येतो. तेव्हा फाटकावर मेगापिक्सेल वाढवण्यापेक्षा लेन्स बदलणे अधिक शहाणपणाचे आहे.

आपल्याकडे झालेला प्रकार तर पिक्सेल कमी पडल्याचा नाहीच, तो उलट्या प्रकाशाचा आहे. फाटकावरच्या कॅमेऱ्याला १२० डीबीचा खरा डब्ल्यूडीआर (एकाच चित्रातील फार उजळ आणि फार गडद भाग दोन्ही स्पष्ट दाखवण्याची सोय) असल्याची खात्री करून घ्या. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ असे लिहिलेले असेल तर ते केवळ चित्रावरचे संस्करण असते आणि त्याने हा प्रश्न सुटत नाही. शिवाय सेन्सरचा आकार तोच ठेवून पिक्सेल दुप्पट केले की प्रत्येक पिक्सेलला मिळणारा प्रकाश घटतो, त्यामुळे ८ मेगापिक्सेलचा स्वस्त कॅमेरा रात्री ४ मेगापिक्सेलच्या चांगल्या कॅमेऱ्यापुढे फिका पडतो. वाचलेले पैसे फाटकावरच्या दिव्यासाठी वापरा, असे मी आग्रहाने सांगेन.

बुधवारपेठ_तारतंत्री:
तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे १३० मीटरची ओढ मुळातच चुकीची आहे. प्रत्येक इमारतीत एक लहान पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा जोडणीचा डबा) बसवून तिथून कार्यालयापर्यंत फायबर ओढा. फायबर विजेचा वाहक नसल्याने वळवाच्या पावसात एका इमारतीवर आलेला विजेचा लोट त्या वाटेने दुसऱ्या इमारतीच्या उपकरणांपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत होणारा गडगडाट लक्षात घेता हे एकच कारण मला पुरेसे वाटते.

स्विच घेताना पोर्टची संख्या पाहून थांबू नका. आठ पोर्टच्या स्विचची एकूण क्षमता ६० वॉटच असेल आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर प्रत्येक कॅमेरा ९ वॉट घेत असेल, तर आठही कॅमेरे जोडल्यावर ७२ वॉट लागतील आणि दिवसा व्यवस्थित चालणारी यंत्रणा अंधार पडताच डळमळेल. केबलही शुद्ध तांब्याचीच हवी. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बरीच स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असल्याने लांब अंतरावर व्होल्टेज पडते. सुरीने तारेचे टोक खरवडून पाहा. आत पांढरी धातू दिसली तर ते बंडल परत करा.

उघड्यावर डोमऐवजी बुलेट (नळीच्या आकाराचे) कॅमेरे घ्या. डोमच्या काचेवर धूळ किंवा थेंब बसले की इन्फ्रारेडचा उजेड त्यांवरून परतून चित्र धुरकट होते. जोडणीच्या डब्यात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ ठेवायला सांगा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून गळून जाते, आत उतरत नाही.

साठवण_हिशेब:
हार्ड डिस्कचा आकडा मला सर्वांत खटकला. १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) वेगाने सतत रेकॉर्डिंग केल्यास दिवसाला १०.८ जीबी जागा लागते. ८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ८ एमबीपीएस दिले, तर चौदा कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १२१० जीबी होतात, म्हणजे ४ टीबीची डिस्क तीन दिवसांच्या थोडे पुढे जाईल. ४ मेगापिक्सेल, एच.२६५ (चित्रीकरण आकुंचित करून कमी जागेत साठवण्याची पद्धत), सेकंदाला १५ चित्रे आणि २ एमबीपीएस असा मेळ घातला, तर तीस दिवसांना सुमारे ९ टीबी लागतात. मी १२ टीबी घेण्यास सांगेन, आणि डिस्क डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक यांसारखी, अहोरात्र लेखनासाठी बनवलेलीच घ्यावी.

दुसरे असे की, केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या अटी पूर्ण करणे बंधनकारक झाले आहे. त्याचे प्रमाणपत्र मॉडेलच्या क्रमांकासह लेखी मागा. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. कॅमेऱ्यांचे जाळे कार्यालयाच्या वायफायपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच उपकरणांवर आखलेल्या स्वतंत्र जाळ्यात) ठेवा आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यांपर्यंत येणारी वाट, करू देऊ नका.

कर्वेनगर_सचिव:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘अ’ इमारतीतील कोॲक्सियल केबल मात्र भिंतीच्या आतून गेल्या आहेत आणि नुकताच रंग झाल्यामुळे सभासद भिंत फोडू देणार नाहीत. तिथे काय करावे?

बुधवारपेठ_तारतंत्री:
तेवढ्या इमारतीपुरते इथरनेट-ओव्हर-कोॲक्स कन्व्हर्टर वापरा. त्यांतून डेटा आणि कॅमेऱ्याची वीज दोन्ही जुन्याच केबलमधून नेता येतात. मात्र पीओई पुढे नेणारीच जोडी मागा, कारण काही स्वस्त जोड्या केवळ डेटा नेतात. खरेदीपूर्वी ठेकेदाराला सर्वांत लांबच्या केबलवर एक जोडी लावून, इन्फ्रारेड दिवे सुरू ठेवून रात्रभर चालवून दाखवायला सांगा आणि ही अट कामाच्या आदेशातच लिहा.